दोघांनी पाहिलेला पक्षी

बँकेत काम करणाऱ्या माणसाचा कुणावरही विश्वास नसतो. पगार त्याचाच मिळतो. गेली वीस-बावीस वर्षं मी काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या पाहतो आहे, आणि सख्खा मेव्हणा जरी चेक घेऊन समोर उभा राहिला तरी आधी त्याची सही पडताळतो आणि मगच घरची खुशाली विचारतो. आमच्याकडे कुठलीही नोंद एकट्याच्या शब्दावर होत नाही. एकाने ती करायची आणि दुसऱ्याने कागद बघून ती पास करायची. पहिला तो मेकर, दुसरा तो चेकर. ब्रह्मदेवाने सृष्टीची नोंद एकट्यानेच करून टाकली, पास करायला दुसरा कुणी नव्हता, त्यातून हा सगळा घोळ झाला, असं आमच्या जुन्या हेडकॅशियरचं मत होतं.

असा माणूस पक्षी मंडळात गेला याला माझं कोलेस्टेरॉल जबाबदार आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. आता, कारणाशिवाय चालणं कॉमर्सच्या माणसाला जमत नाही. चालून कुठे पोचायचं, पोचल्यावर काय पदरात पडणार, याचा ताळेबंद मांडल्याशिवाय त्याचं पाऊल उचलत नाही. त्याच आठवड्यात आमच्या चाळीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘रविवारी सकाळी सहा वाजता पक्षीनिरीक्षण. शिवडी स्टेशनबाहेर जमावे. चहा मिळेल.’ मी चहासाठी गेलो.

आमचं मंडळ परळ बेटाचं. हसू नका. मुंबई हे बेट आहे हे मुंबईकराला फक्त जुलै महिन्यात आठवतं, आणि तेही गाड्या बंद पडल्यावर. पण मुळात ही सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्या बुजवून इंग्रजांच्या राज्यात त्यांचं एक बेट झालं. शिवडी परळ बेटाच्या पूर्वेच्या अंगाला. तिथे समुद्राने अजून थोडा चिखल शिल्लक ठेवला आहे, आणि गेली तीसेक वर्षं नोव्हेंबर ते मे त्या चिखलात हजारो रोहित पक्षी येऊन उभे राहतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. १२ जानेवारी २०२४ ला तिथूनच निघणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. आता वरून मोटारी न्हावाशेव्याकडे सुसाट जातात आणि खाली हे महाशय मान उलटी करून, चोच गाळणीसारखी वापरत, चिखलातलं शेवाळ गाळत उभे असतात. त्यांना कुठे वेळेवर पोचायचं नसतं. वेळ पाळायची ती आपण. भरतीच्या दोन-तीन तास आधी गेलात तर पाणी पक्ष्यांना ढकलत किनाऱ्याजवळ आणतं. उशिरा गेलात तर नुसतं पाणी दिसतं आणि लवकर गेलात तर क्षितिजावर एक गुलाबी रेघ. मी घरी पंचांगाशेजारी भरतीचं वेळापत्रक लावलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, की चालण्याचे आणखी काय काय परिणाम होतात.

मंडळात आम्ही चाळीसेक जण आहोत. अध्यक्ष आहेत, पण ते कुठल्याही पक्ष्यापेक्षा दुर्मिळ. खरा कारभार बाईंचा. बाई म्हणजे जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्यासमोर कावळासुद्धा नीट बसतो. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही आकड्या बांधलेल्या काठ्या घेऊन झाडांवरचा मांजा उतरवतो, कारण पतंग उडवणारे आपापल्या घरी जातात आणि घारी त्या दोऱ्यात अडकतात. अशी एक जखमी घार मी स्वतः खोक्यात घालून टॅक्सीने परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली आहे. टॅक्सीवाल्याने घारीचं भाडं घेतलं नाही. माझं घेतलं. उन्हाळ्यात पक्ष्यांना पाणी ठेवायला मातीची परळं वाटतो. परळात परळं वाटणारं मंडळ म्हणून आमची आसपास थट्टा होते, पण दोन वर्षांपूर्वी चाळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून तीच लुटली आणि स्टीलच्या वाट्यांचा एका झटक्यात पराभव झाला. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात शाळेत चित्रकला स्पर्धा होते. ‘मी पाहिलेला पक्षी’ हा विषय देऊनही पन्नास मुलांतली चाळीस मोर काढतात. शिवडीत मोर कुठे? पण बाई त्यांना बक्षीस देत नाहीत. एका पोराने पायपावर बसलेलं, एक पाय नसलेलं कबुतर काढलं, त्याला पहिला नंबर दिला. त्या वेळी मला हे जरा कठोर वाटलं होतं.

आणि आमचे काका. हार्बर लाईनवरचे निवृत्त मोटरमन. शिवडीवरून गाडी नेताना त्यांना आकाशात थवे दिसायचे. ‘पण गाडी थांबवता येत नव्हती हो,’ असं ते अजून म्हणतात. नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दुर्बीण विकत घेतली आणि इतकी वर्षं जे सोडून पुढे जावं लागलं होतं ते पाहायला ते शिवडीच्या धक्क्यावर येऊन उभे राहिले. मला ते ‘बँकवाले’ म्हणतात. मंडळात मलाही थोडा मान आहे, तो मोजणीमुळे. दोन-तीन हजार रोहित एकेक मोजता येत नाहीत. शंभरांचा एक गठ्ठा नजरेत बसवायचा आणि असे किती गठ्ठे ते बघायचं. नोटांच्या गड्ड्यांवर आयुष्य काढल्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी जमलं. फक्त शेवटी आकड्यामागे ‘अंदाजे’ लिहायचं असतं, ते लिहिताना माझा हात अजून कापतो.

मंडळाची एक जाड वही आहे. दिवस, वेळ, भरती, पक्षी, संख्या. बाईंचा नियम असा, की मंडळाच्या यादीत नसलेला पक्षी पहिल्यांदा नोंदवायचा असेल तर तो दोघांनी पाहिलेला पाहिजे. मेकर आणि चेकर! हा नियम कळला त्याच दिवशी मी आजीव सभासदत्वाची वर्गणी भरली. फरक इतकाच, की इथे चेकरला कागद मिळत नाही. पक्षी सही करत नाही, अंगठा देत नाही. तो उडून गेला की मागे राहतो तो माणसाचा शब्द.

तर ही गोष्ट त्या शब्दाची.

आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्यात शिवडीचा आमच्या वाट्याचा तुकडा आम्ही मोजतो. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या गणनेची सकाळ. शाळेची मुलं आली होती, बाकी सगळे त्यांना रोहित दाखवण्यात गुंतले होते. काका आणि मी धक्क्याच्या टोकाला. मी थर्मासचं झाकण उघडत होतो. एवढ्यात काका ओरडले, ‘बँकवाले! ऑस्प्रे! ऑस्प्रे!’

ऑस्प्रे म्हणजे मीनखाई घार. पोट पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी, हवेत थबकून पाय पुढे करून पाण्यावर झेप घेते आणि मासा उचलते. मंडळाच्या यादीत ती नव्हती, आणि काका तिची चार वर्षं वाट बघत होते. मी थर्मास ठेवला, दुर्बीण उचलली, झाकणाऐवजी भिंग पुसलं, आणि पाहिलं तर पुलापलीकडे एक ठिपका. घारीचा असेल, गिधाडाचा असेल, माझ्या भिंगावरच्या चहाचाही असेल.

बाई वही घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘आणखी कुणी पाहिला?’

कुणी बोलेना. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, काकांचे डोळे अलीकडे... आणि वाक्य सोडून दिलं. काकांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिग्नल पिवळा असताना मोटरमन जसा पाहत असेल तसं.

‘मी पाहिला,’ मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटी सही घेऊन आलेला माणूस न विचारता चुलत्याच्या आजारपणाची हकीगत सांगतो, तशी मी वर भर घातली, ‘पोट पांढरं होतं.’

टाळ्या झाल्या. काकांनी सगळ्यांना वडापाव दिला. मी दोन खाल्ले.

रात्री झोप लागेना. वड्यांमुळे असेल असं आधी वाटलं. शेवटी घरात कबुली दिली. आमची ही म्हणाली, ‘पक्षी होता ना?’

‘असावा. काका म्हणतात म्हणजे असणार.’

‘मग यात खोटं काय? म्हाताऱ्या माणसाला आनंद झाला, तुमचं काय गेलं?’

यावर मला उत्तर सुचेना. धर्मराजाची आठवण काढून पाहिली. पण नीट विचार केला तर त्या प्रकरणात पांडवांचं ऑफिस व्यवस्थित होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती आधी मारून घेतला होता, म्हणजे व्हाउचर तयार होतं, मग धर्मराजाने तोंडी नोंद केली. माझ्याकडे हत्तीसुद्धा नव्हता. पुन्हा, धर्मराज खोटं बोलला ते शत्रूला पाडायला. मी तर मित्राला उभं ठेवायला बोललो. म्हणजे माझा रथ जमिनीवरून चार बोटं आणखी वर जायला हवा होता. तो चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच होता आणि डास चावत होते.

बरं, पक्षी खरोखर आला होता असं धरून चालू. मग यादी खरी. यादीतली ओळ खरी. खोटं फक्त एक वाक्य, ‘मी पाहिला’. आणि ते वाक्य पक्ष्याबद्दल नव्हतंच, ते माझ्याबद्दल होतं. इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंची वही ही पक्ष्यांची वही नाही. कोणत्या माणसाने काय पाहिलं त्याची ती वही आहे. पक्ष्यांना तिची गरज नाही. ते वही न बघता येतात.

मनाला दिलासा म्हणून मी मोठ्या चोरांची चरित्रं वाचायला घेतली. आपल्यापेक्षा वाईट माणूस सापडला की माणसाला झोप लागते. मला कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन सापडले. हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, नामांकित पक्षीतज्ज्ञ, सालिम अलींबरोबर १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेलेले, १९६७ मध्ये मानाने वारलेले. पुढे उघडकीला आलं, की साहेब संग्रहालयांतून पेंढा भरलेले पक्षी चोरायचे, पुन्हा नव्याने शिवायचे आणि दुसऱ्याच ठिकाणाची, दुसऱ्याच तारखेची चिठ्ठी लावून आपल्या नावावर घालायचे. त्यातला एक होता आपला रानपिंगळा. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात हे पिंगळे मिळवले होते. १८८४ नंतर तो पक्षी कुणाला मिळाला नाही. अपवाद एकच, कर्नलसाहेबांना म्हणे १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला एक मिळाला! मग शोधणाऱ्यांनी मांडवीचाही विचार करायचा. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी तो नमुना तपासला, तर तो डेव्हिडसनचाच चोरलेला निघाला. त्यांनी मांडवीची नोंद खोडली, आणि दोन सहकाऱ्यांबरोबर शोधत शोधत त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. नामशेष झाला म्हणून ज्याचं जवळजवळ श्राद्ध घातलं होतं, तो आमच्या महाराष्ट्रात दिवसाढवळ्या ऊन खात होता.

मी पुस्तक मिटलं आणि स्वतःला सांगितलं, कुठे ते कर्नल, कुठे आपण! ते चोर होते, आपण फक्त भिडस्त आहोत. माझ्या एका घारीने कुणाचं काय वाकडं होणार?

जूनमध्ये काका चाळीच्या जिन्यावरून पडले.

शेवटची पायरी दिसली नाही. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने मला गॅलरीत बाजूला घेतलं. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच मोतीबिंदू काढायला सांगितला होता. जानेवारीत तारीखही ठरली होती. ‘पण तुमचा तो पक्षी आला ना,’ मुलगा म्हणाला. ‘बाबा म्हणाले, पुलापलीकडची घार ओळखतो मी, बँकवाल्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, वहीत नोंद आहे. मला कसलं ऑपरेशन? आम्ही तरी काय बोलणार?’

मी काय बोलणार? मी सफरचंदं आणली होती, ती टेबलावर ठेवली. बँकेत एखाद्या कर्जाला आपण न बघता सही केलेली असते, आणि चार वर्षांनी ते बुडलं की फाइल फिरत फिरत आपल्याच टेबलावर येते. तसं ते प्लास्टर माझ्यासमोर उशीवर पडलं होतं.

दिवाळीआधी काकांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेलो, तर काका खिडकीत बसून समोरच्या पत्र्यावरचं कबुतर पाहत होते. म्हणाले, ‘बँकवाले, याच्या मानेवर हिरवा रंग असतो आणि जांभळासुद्धा. मला वाटायचं हल्लीची कबुतरं फिकट निघतात.’

मी ठरवूनच आलो होतो. एका दमात सांगून टाकलं. त्या दिवशी मी पक्षी पाहिला नव्हता. ठिपका पाहिला. तुमच्यासाठी खोटं बोललो.

काका बराच वेळ कबुतराकडेच बघत राहिले. मग म्हणाले, ‘मीही नव्हता पाहिला.’

‘म्हणजे?’

‘काहीतरी आलं होतं हो. पोट पांढरं वाटलं म्हणून ओरडलो. पण मला तेव्हा सगळंच पांढुरकं दिसायचं, टॉवरसुद्धा. ओरडल्यावर मनात आलं, आपली साधी घार असेल. बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगणारच होतो, की नीट दिसलं नाही. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, पोट पांढरं होतं. मला वाटलं, चला, डोळे अजून शाबूत आहेत आपले!’

बी.कॉम.ला आम्हाला अकोमोडेशन बिल शिकवत. दोन व्यापारी, मधे माल काही नाही. ‘अ’ने ‘ब’वर हुंडी काढायची, ‘ब’ने ती स्वीकारायची, आणि एकमेकांच्या सहीच्या जोरावर बँकेतून पैसे उचलायचे. याला काइट फ्लाइंग असंही नाव आहे. काइट म्हणजे पतंग, आणि काइट म्हणजे घारसुद्धा. परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले मार्क पडले होते. पण ती घार आपणच शिवडीच्या धक्क्यावर उडवू असं तेव्हा वाटलं नव्हतं. मी ज्याला आधार दिला असं समजत होतो तो माझाच आधार धरून उभा होता. शिवाय ‘मला नीट दिसलं नाही’ हे साधं, कुणालाही शोभणारं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, ते मी परत घशात घातलं. मी तिथे नसतो, किंवा नुसता वडा खात असतो, तर काका फेब्रुवारीतच हिरव्या मानेची कबुतरं पाहत बसले असते.

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. दहावीचा निकाल घेऊन जावं तसे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून वही काढली आणि माझ्याकडे सरकवली. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करतात. मी लाल शाईने लिहिलं, ‘मीनखाई घार, एक, वजा. कारण : दोघांनीही पाहिली नाही.’ खाली दोघांनी सह्या केल्या. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत पक्की नोंद.

‘आकडे पुढे गेलेत,’ बाई म्हणाल्या. ‘मी त्यांना कळवते.’ मग चष्मा पुसता पुसता माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पोट पांढरं होतं काय?’

त्यानंतर मोराची चित्रं नापास करताना मला त्या कठोर वाटल्या नाहीत.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा गणना झाली. तोच धक्का, तीच वेळ. यंदा मी थर्मास आणलाच नव्हता. काका नव्या डोळ्यांनी प्रत्येक तुतवाराचे पाय तपासत होते. नऊच्या सुमाराला त्यांनी माझा दंड धरला. ओरडले नाहीत, नुसता धरला. मी दुर्बीण वळवली आणि पुलाचा एक भलामोठा खांब पाहिला. सरकून पलीकडे जाईपर्यंत पाण्यावर फक्त वर्तुळं उरली होती.

काका म्हणाले, ‘थबकली, पाय पुढे केले आणि सरळ आत गेली. मासा घेऊन वर आली. काळी पट्टीसुद्धा दिसली. बघितलीत ना?’

बाई मागे उभ्या होत्या, पेन उघडून.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मला खांब दिसला.’

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

काकांनी पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिलं आणि वडापाववाल्याला हाक मारून सगळ्यांसाठी वडापाव सांगितले. मी पाकीट काढलं, तर माझा हात बाजूला सारत म्हणाले, ‘राहू दे. पक्षी मी पाहिलाय.’